भुऱ्याच्या वाटची बिस्किटं

१

विजयाबाईंची सोनू गेली तेव्हा तिच्या अंगात नवाकोरा लोकरी स्वेटर होता. तारापूरच्या जानेवारीत माणसालाही स्वेटर लागत नाही. पण ब्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात आमच्या भागात कुत्र्यांच्या हौसेला काही धरबंधच उरला नव्हता. कॉलनीतल्या एका घरात पामेरियन आलं की शेजारच्या घराला चैन पडत नसे.

मी विश्राम. 'लाडोबा' नावाच्या कुत्र्यांच्या बिस्किटांचा विक्रेता. त्या सकाळी विजयाबाईंच्या व्हरांड्यात मी मान खाली घालून उभा होतो, कारण सोनूनं शेवटचं जे खाल्लं ते मी विकलेलं होतं. आठवड्यात कॉलनीतलं हे तिसरं कुत्रं. तिन्ही कुत्री आधी थरथरली, मग तोंडाला फेस आला, मग आचके देत गेली.

पालघरहून डॉक्टर पुष्पलताबाई आल्या होत्या. गुरांच्या डॉक्टर. आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं, त्यामुळे स्वेटर घातलेलं कुत्रं पाहून त्यांच्या कपाळाला एरवी आठी पडायची. आज पडली नाही. त्यांनी सोनूचे डोळे मिटले आणि विचारलं, "हिची खायची जागा कुठली?"

बाईंची ही पद्धतच होती. जनावराचं दुखणं मालकाला विचारण्याआधी त्याची थाळी बघायची.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात दुधाची बशी होती. रात्रीचं दूध तसंच उरलेलं, आणि बशीच्या काठावर मुंग्यांची झुंबड. शेजारी लाडोबाचं अर्धं बिस्किट पडलं होतं. बाई तिथे बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मग अर्धं बिस्किट कागदात बांधून पिशवीत टाकलं.

"दूध नको म्हणाली हो," विजयाबाई हुंदका आवरत म्हणाल्या. "मग मीच तिला बिस्किट भरवलं. तुकडे करून, माझ्या हातानं."

 तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली आणि आमचे मालक दिनानाथशेट सावे तरातरा आत आले. चेहरा उतरलेला, पण आवाजात जोर होता.

"डॉक्टर, विष कुणी घातलं ते कळलंय. माझ्याच कारखान्यातला माणूस आहे. जिवल्या."

२

दिनानाथशेट मूळचे चिंचणीचे. घरची चिकूची आणि नारळाची वाडी, पण शेटना लहानपणापासून वाडीचा तिटकारा. हॉस्टेलात राहून शिकले आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन ग्लुकोज बिस्किटं काढू लागले. मोठ्या कंपन्यांपुढे ती बिस्किटं टिकली नाहीत. शेडला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना कुत्र्यांचं सुचवलं.

सुचवलं ते हवेत नव्हे. मी कॉलनीत, पालघरात, बोईसरच्या नव्या इमारतींत दारोदार फिरून विचारलं होतं, कुत्र्याला काय घालता, साबण कुठला, पट्टा कुठून आणता. सासूच्या चष्म्याचा विषय निघाला की 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणाऱ्या घरात कुत्र्याचा साबण मुंबईहून यायचा. घरोघरी केबल आली होती आणि तिच्यातली कुत्री डब्यातलं खात होती. मला एक कळून चुकलं. लोकांना बिस्किट नको होतं. आपलं कुत्रं उष्टं-शिळं खात नाही, एवढं शेजाऱ्याला दिसायला हवं होतं. तसं पाकीट आम्ही काढलं. गव्हाचा कोंडा, पीठ, सुकी मासळी दळून, आणि वर मटणाच्या वासाचं इसेन्स. वर्षात शेडमध्ये दुसरी भट्टी आली.

त्या भट्टीवर जिवल्या होता. मासवणकडचा, पावसाळ्यात स्वतःचा भाताचा तुकडा करायचा आणि पीक निघालं की आमच्याकडे यायचा. बिस्किट भाजण्यात त्याचा हात असा बसला होता की करपलेलं एक निघत नसे.

"पंधरवड्यापूर्वी त्याला पकडला," शेट पुष्पलताबाईंना कारखान्यात सांगत होते. "जेवणाच्या डब्यात बिस्किटांचा चुरा भरून नेत होता. चारचौघांत झापला मी त्याला. चोर म्हटलं. त्याचा डूख धरला त्यानं, आणि पिठात विष कालवलं. भट्टीमागे हे सापडलं."

त्यांनी टेबलावर उंदीर मारायच्या औषधाची पुडी ठेवली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

"ही तर फोडलेलीच नाही."

"दुसरी असेल. एक वापरली, एक उरली."

"आता कुठे आहे तो?"

 उत्तर दिलं गेटवरच्या वॉचमननं. "कल ही भागा मॅडम. सब लोगोंने बहुत मारा उसको. बोले, कंपनी बंद हुई तो हम क्या खायेंगे. मैंने रोका, लेकिन कौन सुनता है."

शेटनी खिशातून तक्रारीचा कागद काढला. "उद्या हा पोलिसांत देतो. तुम्ही फक्त विषबाधा झाली असं लिहून द्या. बाकी ते बघतील. असल्या माणसाला जामीन कोण राहणार? जाईल आत."

जिवल्या आत गेला असता तर परत कधी आला असता कोण जाणे. वकील देणं सोडाच, तालुक्याच्या कचेरीत एकट्यानं शिरायलाही तो कचरायचा. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"विष आहे हे मी लिहीन," बाई म्हणाल्या. "पण कुणी घातलं ते कळल्यावर. तोवर तो कागद खिशातच ठेवा."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मग तुमचा जिवल्या," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "विश्राम, स्कूटर काढ."

३

बोईसर स्टेशनपाशी देवूचं दुकान होतं. आधी तिथे पानपट्टी होती. आता पट्टे, साखळ्या, कुत्र्यांचे साबण आणि लाडोबाची पाकिटं टांगलेली असत. देवूवर संशय घ्यायला मला फार आवडलं असतं. दिनानाथशेट स्वतःचंच दुकान टाकणार, अशी आवई उठल्यापासून तो आमच्यावर खार खाऊन होता. शिवाय मुंबईच्या एका कंपनीची डबाबंद मालाची एजन्सी त्याला खुणावत होती. लाडोबा मेलं की देवू जगणार, असा सरळ हिशेब.

"मी कशाला असलं करू?" देवू भडकला. "सगळ्या पाकिटांना तुमच्याच मशीनचं सील आहे. मी काय फुंकर मारून विष आत घातलं? आणि खरं सांगू का डॉक्टरीणबाई, या महिन्याचा माल तर आजवरचा सगळ्यात चांगला. आधीची पाकिटं कोपऱ्याला जरा उसवली की मुंग्यांचं वारूळ. पोरकिडे व्हायचे. या मालाला बघा."

त्यानं फळीवरून एक फाटलेलं पाकीट काढलं. आतली बिस्किटं जशीच्या तशी होती. "आठवडाभर उघडं पडलंय. मुंगी शोधून दाखवा. मी तर गिऱ्हाइकांना हेच सांगून विकला."

"मालकांना सांगितलंस हे?"

"सांगितलं की. खूश झाले."

बाहेर आल्यावर मी माझं डोकं चालवलं. "बाई, देवू सुटला. पालघरच्या वकिलांचा डॅशहाउंड आजारी आहे, आणि त्यांचं पाकीट पालघरच्याच दुकानातलं आहे. दोन गावांत दोन दुकानं, सील शाबूत. म्हणजे विष कारखान्यातच पडलं."

"बरोबर."

"म्हणजे जिवल्याच."

 बाई शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या साखरेच्या बरणीकडे बघत होत्या. झाकणावरून मुंग्यांची ओळ आत-बाहेर करत होती.

"जिवल्या चुरा न्यायचा," त्या म्हणाल्या. "विश्राम, माणूस कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा घरी कशाला नेईल?"

माझ्या मनात जे आलं ते मला उच्चारवेना. जिवल्याला एक लहान मुलगी होती.

४

मासवणच्या पुढे, पाड्यावर, जिवल्याचं कुडाचं घर. दारात त्याची बायको ठमी भात पाखडत होती. आम्हाला पाहून तिचे हात थांबले. मग बाईंना ओळखलं तेव्हा चेहरा थोडा सैल झाला. पाड्यावरच्या बैलांना पावसाळ्याआधी लस टोचायला बाईच येत.

"बैल बरा हाय बाई," ती म्हणाली.

"बैलाचं नाही विचारायला आले. जिवल्या कुठाय?"

"नाय घरी."

"बरं. मला एवढंच सांग, त्या बिस्किटांतलं तुझ्या पोरीनं काही खाल्लं का? खरं सांग ठमी, मी कुणाला सांगणार नाही. खाल्लं असेल तर तिला तपासायला हवं."

ठमीनं सूप खाली ठेवलं आणि बाईंकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघू लागलो.

"कुत्र्याच्या वाटचं आमी कसं खाऊ बाई? पोरीला भाकर हाय आमच्या घरात."

बाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच ओशाळलेलं पाहिलं. मीही तितकाच ओशाळलो, फरक इतकाच की माझा विचार तोंडातून बाहेर पडला नव्हता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मग अंगणभर नजर फिरवून हळूच विचारलं, "तुमचं कुत्रं कुठाय?"

ठमीनं नजर मागे वळवली. परसात शेवग्याखाली मातीचा लहानसा उंचवटा होता, त्यावर दगड रचलेले. दगडांवर सुतळीचा पट्टा, त्याला एक फुटकं घुंगरू.

"भुऱ्या," ठमी म्हणाली. "दिवसभर नुसता थरथरत व्हता. फेस आला. पोरगी दोन रोज जेवली नाय."

"कधी गेला?"

"शेटनी यांना शिव्या दिल्या ना, त्याच दिशी. हे सांजचे घरी आले, तोंड येवढंसं झालेलं. येऊन बघत्यात तर भुऱ्या आडवा. त्याच्या आदल्या सांजेला खाल्लं व्हतं त्यानं बिस्कुट."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"कसं सांगनार? सांगितलं तर चोरी कबूल झाली."

 परतताना मनोरच्या रस्त्याला लागल्यावर बाई मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "थांबव जरा."

मी थांबलो.

"शेट म्हणतात, शिव्या खाल्ल्या म्हणून जिवल्यानं विष घातलं. पण भुऱ्यानं बिस्किट खाल्लं ते शिव्यांच्या आदल्या दिवशी. म्हणजे विष आधी आणि भांडण नंतर. ज्याला राग यायचाच होता, त्यानं राग येण्याआधी सूड कसा घेतला? आणि ज्या मालात आपण विष घातलं, तो आपल्याच कुत्र्याला कोण घालील?"

"मग कुणी घातलं?"

"कदाचित कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "या महिन्याच्या मालात नवीन काय आहे, ते सांग."

मी आठवलं. पीठ त्याच गिरणीचं. इसेन्स तेच. नाताळानंतर मागणी एवढी वाढली की सातपाटीची सुकी मासळी पुरेना, म्हणून शेटनी टेम्पो दुसरीकडे पाठवला होता.

"कुठे?"

"नवापूरला."

५

नवापूरच्या किनाऱ्यावर वाळूत जाळी पसरून मासळी वाळत होती. कमळी नावाची धिप्पाड बाई काठीनं कावळे हाकत फिरत होती. तिच्या घरातून टेम्पो भरला होता, हे ड्रायव्हरनं सांगितलं होतं.

जवळा, बोंबील, मांदेली. त्यांच्यावर कावळ्यांची धाड, माशांचे थवे, एक मांजर. जरा अंतरावर दुसरा पसारा होता. बारीकसारीक, तुटकी, माणसाच्या पानात न पडणारी कुटी. कावळ्यांना खरं तर तीच सोपी. राखायला तिथे कुणीच नव्हतं. पण तिकडे कावळा फिरकत नव्हता. माशीसुद्धा नाही.

बाई सरळ तिकडे चालत गेल्या. मूठभर कुटी उचलून नाकाशी धरली आणि झटकन खाली टाकली.

"अवो, ती नको हात लावू!" कमळी ओरडत आली. "ती खायची नाय, खताची हाय. पावडर मारलेली हाय तिला."

"कसली पावडर?"

"गॅमेक्सिन. ढेकनाला मारतात ती. हात धू आदी."

बाईंनी समुद्राच्या पाण्यात हात धुतले. तोवर कमळीनं मला मासळीच्या खताची गोष्ट सांगून टाकली. आमच्या किनाऱ्यावर हे कुणाला नवीन नाही. चिकूच्या आणि नारळाच्या बुंध्याशी आळं करून सुकी कुटी पुरायची. झाड तरारून उठतं. वाडीवाले पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरातून ती घेतात. खाण्याची मासळी निराळी, वाडीची निराळी. दोन्ही पसारे कधी एकत्र होत नाहीत.

"आणि ही कुणाच्या वाडीची?" बाईंनी विचारलं.

"चिंचनीच्या सावेंच्या. माज्या सासऱ्याच्या येळेपासून आमीच देतो. गेल्या महिन्यात त्यांचा टेम्पो आला, म्हनला सावेंच्या घरची मासळी भरा. भरली."

"कशाला हवी ते नाही विचारलंत?"

कमळी हसली. "इचारायचा काय त्याच्यात? सावेंच्या घरची मासळी वाडीलाच जाते."

मला टेम्पोनं भरून आणलेली मासळी आठवली. बाई तशाच उभ्या होत्या, पदर वाऱ्यावर फडफडत होता, आणि कमळीचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"का वो बाई?" तिनं विचारलं. "झाडं जळली काय?"

६

चिंचणीला पोचलो तेव्हा बळवंतआप्पा, दिनानाथशेटचे वडील, वाडीत चिकूच्या सावलीत बसून लहान-मोठे चिकू वेगळे करत होते. बाईंनी निरोप धाडल्यामुळे शेटही आले होते. आल्या आल्या त्यांनी खिशातला कागद चाचपला.

"डॉक्टर, सापडला का जिवल्या?"

"आधी आप्पांना एक विचारते," बाई म्हणाल्या. "आप्पा, वाडीच्या मासळीला पावडर मारायची पद्धत कुणी काढली?"

आप्पांचे डोळे चमकले. म्हाताऱ्या माणसाला आपल्या जुन्या हुशारीचं कुणी विचारलं की तो फुलतोच.

"मीच! पूर्वी नुसती कुटी पुरायचो. मग व्हायचं काय, गावातली कुत्री येऊन आळी उकरायची. मासळी खायची आणि झाडाची मुळं उघडी टाकायची. फार नुकसान. मग मी कमळीच्या सासऱ्याला म्हटलं, माझ्या घरच्या मासळीवर पावडर मारून देत जा. त्या वासानं कुत्रं तोंड लावत नाही. तेव्हापासून एक आळं उकरलं गेलं नाही."

 वाडीत कुठेतरी चिकू गळून पडला.

बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि सोनूच्या बशीशेजारचं अर्धं बिस्किट शेटच्या हातावर ठेवलं.

"याच्या शेजारी दुधाला मुंग्या लागल्या होत्या, याला नाही. देवूच्या दुकानात पाकीट आठवडाभर उघडं होतं, त्यालाही नाही. तुम्हाला वाटलं माल सुधारला. नवापूरच्या त्या मासळीवर कावळा बसत नाही. कुत्रंही तिला तोंड लावत नाही, आप्पांनी तीच तर सोय केली होती. पण तुम्ही ती दळली, भाजली आणि वर मटणाचं इसेन्स मारलं. पावडरीचा वास झाकला गेला. पावडर राहिली."

शेटनी बिस्किटावर मूठ मिटली. "पण कमळीनं सांगायला नको का? खताची मासळी म्हणून?"

"तिनं सांगावं म्हणून तुम्ही कशाला हवी ते सांगितलं होतंत?"

इथे मला बोलणं भाग होतं, कारण टेम्पोच्या ड्रायव्हरला शेटनी दिलेली ताकीद मी कानांनी ऐकली होती. पण माझ्याआधी शेटच बोलले. अगदी हळू.

"मीच त्याला बजावलं होतं. सावेंच्या घरची एवढंच म्हण, कशाला हवी ते बोलू नकोस. कुत्र्यांसाठी मासळी विकत घेतात म्हटलं तर कोळीवाडा हसला असता. आणि भावही चढवला असता."

"कुत्र्यांसाठी?" आप्पा मध्येच म्हणाले. "कसली कुत्री? तू तर ग्लुकोजची बिस्किटं करतोस ना रे?"

तेव्हा मला समजलं की इतक्या दिवसांत शेटनी बापालाही सांगितलं नव्हतं. बागायतदार सावेंचा मुलगा कुत्र्यांचं जेवण रांधतो, हे त्यांच्या तोंडून चिंचणीत निघालंच नव्हतं. कॉलनीत छाती फुगवून विकलेली वस्तू घरी तोंडातल्या तोंडात होती.

शेटनी सगळं सांगितलं. सोनूचं सांगितलं, जिवल्याला चोर म्हटल्याचं, गेटवर मार बसल्याचं सांगितलं. आप्पांच्या हातातला चिकू केव्हाच खाली पडला होता.

"मला एका शब्दानं बोलला असतास, दिनू. नवापूरची मासळी म्हटल्याबरोबर मी सांगितलं असतं, अरे तिला पावडर असते."

"तुम्ही हसला असता, आप्पा."

"हसलो असतो रे," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण हसून झाल्यावर सांगितलं असतं."

७

माल सगळा परत मागवला. जी कुत्री आजारी होती त्यांतली काही पुष्पलताबाईंनी वाचवली, वकिलांचा डॅशहाउंडही वाचला. लाडोबा मात्र वाचलं नाही. शेटनी विजयाबाईंच्या दारी जाऊन खरं काय ते स्वतः सांगितलं. त्यांनी दार लावलं नाही, पण बसाही म्हटलं नाही. काही महिने कॉलनीतल्या कुत्र्यांना पुन्हा दूध-पोळी मिळू लागली. पुढे मुंबईच्या कंपन्यांचे चकचकीत डबे आले आणि लोक त्यांच्यामागे गेले. गिऱ्हाइकाची आठवण फार लांब पल्ल्याची नसते, हे माझ्या धंद्यातलं मी शिकलेलं एक शहाणपण. कमळीची आठवण लांब पल्ल्याची निघाली. "कुत्रा पन जीव हाय, आमाला एक शब्द सांगायचा व्हता," असं ती भेटेल तेव्हा म्हणत राहिली, आणि तिनं पावडरीचा धंदा कायमचा सोडला.

पण हे सगळं नंतरचं. चिंचणीहून निघालो त्याच दुपारी शेट म्हणाले, "मासवणला जाऊ या."

तक्रारीचा कागद त्यांनी वाटेत फाडला. त्यांना वाटलं असावं, त्यानं थोडं हलकं वाटेल. वाटल्यासारखं दिसलं नाही.

बाईंची हाक ऐकून या वेळी जिवल्या घरातून बाहेर आला. एक डोळा सुजून बंद झालेला, हात गळ्यात बांधलेला. शेटना बघून तो दोन पावलं मागे सरकला. शेट हे बघून जागीच थांबले.

"जिवल्या, तुझी चूक नव्हती. माझी होती. मासळीत पावडर होती, आणि ती मी आणली." त्यांना पुढचं जमेना. "तू परत ये कामावर. भट्टी तुझ्याच ताब्यात. मी सगळ्यांसमोर सांगतो. आणि... कुत्र्याचं पिल्लू आणून देतो पोरीला. चांगल्या जातीचं."

 जिवल्या परसातल्या दगडांकडे बघत राहिला.

"शेट, मी चोरी केली ती खरी हाय," तो म्हणाला. "भुऱ्या शिळं तुकडं खायचा. मला वाटलं, कॉलनीतली कुत्री खातात ते एक दिस यानं पन खावं. मीच भाजलेलं व्हतं ना ते. त्यानं पयला वास घेतला आनि मागं झाला. खाईना. मग मी म्हनलं, खा रे, चांगलं हाय, माज्या हातचं हाय. माज्या हातचं म्हनून खाल्लं त्यानं."

पुष्पलताबाईंनी तोंड फिरवलं. 

"पिल्लू नको," जिवल्या म्हणाला. "कामाचं बघू. आता नाय सांगवत."

ठमी आत गेली होती. उघड्या दारातून चूल दिसत होती आणि तिच्या बाजूचा कोपरा. तिनं तिथून एक फडक्याची पुरचुंडी उचलली आणि बाहेर येऊन शेटपुढे धरली.

"उरलेलं हाय. भुऱ्याच्या वाटचं व्हतं, तो गेल्यावर आमी हात नाय लावला. तुमचं तुमी घेऊन जा. चोरी नको आमच्या घरात."

शेटनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. कोपऱ्यात, ती इतके दिवस जिथे ठेवली होती तिथे, कुडाच्या कडेनं मुंग्यांची एक लांब रांग भाकरीच्या टोपलीकडे चालली होती. पुरचुंडीची जागा आता रिकामी होती, तरी रांग तिथे पोचली की बाजूला सरकून वळसा घालत होती.